तसबीर आणि अक्स : काजारकालीन इराणची दृश्यकला आणि युरोप

इ. स. १७९६ मध्ये आगा मुहम्मद खानाने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि इराणच्या सिंहासनावर काजार घराणे अधिकृतपणे आरूढ झाले. १९२५ मध्ये या घराण्याची सत्ता संपुष्टात आली. मधल्या सुमारे एकशे तीस वर्षांचा राजकीय इतिहास हा बहुतांशी माघारीचा इतिहास आहे. १८१३ च्या गुलिस्तानच्या तहाने आणि १८२८ च्या तुर्कमनचायच्या तहाने कॉकेशसमधील प्रांत रशियाच्या घशात गेले. पुढे १८७२ मध्ये रॉयटर याला आणि १८९० मध्ये टॅल्बट याला दिलेल्या सवलतींनी देशाची साधनसंपत्ती परकीयांच्या हाती सोपवण्याचा घाट घातला गेला. दोन्ही सवलती लोकक्षोभामुळे व बाह्य दडपणामुळे रद्द कराव्या लागल्या. या काळातील कलेविषयीही दीर्घकाळ असाच प्रतिकूल अभिप्राय प्रचलित होता. सफावी लघुचित्रांच्या नाजूक रेषेवर पोसलेल्या रसिकांना काजार चित्रे भडक वाटली. युरोपीय प्रवाशांना त्यांत यथादर्शनाच्या चुका दिसल्या. म्हणजे एका पक्षाच्या मते ही कला पुरेशी इराणी राहिली नव्हती आणि दुसऱ्याच्या मते ती पुरेशी युरोपीय झाली नव्हती.

हे दोन्ही अभिप्राय एकाच गृहीतकावर उभे आहेत : युरोपशी आलेला संबंध म्हणजे केवळ अनुकरण, आणि अनुकरणाचे मोजमाप मूळ वस्तूशी असलेल्या साम्यावरून करावयाचे. परंतु एखादी दरबारी कला परक्या साधनांचा स्वीकार का करते, त्या साधनांकडून तिला कोणते काम करवून घ्यावयाचे असते आणि ती साधने हाती आल्यावर दरबाराच्या इच्छेपलीकडे आणखी काय घडते, हे प्रश्न या गृहीतकामुळे विचारलेच जात नाहीत. काजार काळात तैलचित्र, शिळाछाप, छायाचित्र आणि नव्या धाटणीच्या वास्तू या साऱ्यांना इराणमध्ये प्रथम आश्रय मिळाला तो प्रामुख्याने राजाचा. राजाला आपली प्रतिमा हवी होती. त्या प्रतिमेचे या शतकभरात काय झाले, हा या काळाच्या कलेतिहासाचा गाभा आहे.

युरोपशी हा परिचय काजारांपासून सुरू झालेला नाही. शाह अब्बास पहिला (१५८८–१६२९) याच्या इस्फहानमध्ये युरोपीय व्यापारी, वकील आणि धर्मोपदेशक यांची ये-जा होती. नव्या जुल्फा या वसाहतीतील आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या चर्चमधून ख्रिस्ती चित्रे दिसत होती. चिहिल सुतून प्रासादाच्या भिंतींवर युरोपीय पोशाखातील स्त्रीपुरुष रंगवले गेले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुहम्मद झमान आणि अली कुली जब्बादार यांनी छायाप्रकाश, दूरवर विरत जाणारा निसर्ग आणि जमिनीवर पडणारी सावली यांचा अवलंब केला. या शैलीला ‘फिरंगीसाझी’ असे नाव पडले. त्यातील ‘फिरंगी’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. शाह तहमास्पसाठी सोळाव्या शतकात तयार झालेल्या निझामीच्या ‘खम्सा’च्या हस्तलिखितात, सुमारे सव्वाशे वर्षांनंतर, १६७५ च्या सुमारास, मुहम्मद झमानने आपली चित्रे घातली. एकाच ग्रंथाच्या पानांवर दोन दृष्टी शेजारी शेजारी नांदल्या आणि तत्कालीन दरबाराला त्यात विसंगती वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. काजार चित्रकारांना जी परंपरा मिळाली ती अशी आधीच मिश्र झालेली होती. शिराझमध्ये करीम खान झंद याच्या आश्रयाने अठराव्या शतकात मोठ्या आकाराचे तैलचित्रही रुजले होते.

फतह अली शाह (१७९७–१८३४) याने या तैलचित्राला राज्यकारभाराचे साधन बनवले. त्याचे प्रमुख चित्रकार मिर्झा बाबा, मिहर अली आणि अब्दुल्ला खान हे होत. प्रमुख दरबारी चित्रकाराला ‘नक्काशबाशी’ हा किताब असे. मराठीतील ‘नक्षी’ आणि ‘नकाशा’ हे शब्द याच कुळातले. या चित्रकारांनी रंगवलेला शाह प्रत्येक चित्रात जवळपास एकच आहे : कमरेपर्यंत आलेली काळीभोर दाढी, मुंगीसारखी बारीक कंबर, जुळत आलेल्या भुवया, मोत्यांनी व रत्नांनी मढलेले दंड आणि उंच मुकुट. कॅनव्हास, तैलरंग, माणसाच्या उंचीचा आकार ही साधने युरोपकडून आली. परंतु चित्रातील व्यक्ती कालौघाच्या बाहेर उभी आहे. शाह वयाने वाढतो, चित्रातील दाढी मात्र पिकत नाही. वस्तुतः हे व्यक्तिचित्र नसून राजत्वाचे चित्र आहे. त्याच्या मागे युरोपीय नमुन्यांपेक्षा प्राचीन ससानी सम्राटांची कल्पना अधिक प्रभावीपणे उभी आहे. याच शाहने रय येथे खडकात आपली उत्थितशिल्पे कोरवून घेतली, आणि केरमानशाहजवळच्या ताक-ए-बुस्तान येथे त्याच्या पुत्राने ससानी शिल्पांच्या शेजारीच स्वतःचे शिल्प कोरवले. कॅनव्हास आणि खडक या दोन पृष्ठांवर एकच विधान केले जात होते : हे राज्य नवे असले तरी हे राजत्व पुरातन आहे.

हे विधान ऐकण्यासाठी श्रोताही हवा होता, आणि तो आता युरोपात होता. मिर्झा बाबाने १७९८–९९ मध्ये रंगवलेले शाहचे एक चित्र ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मिहर अलीच्या हातचे मानले जाणारे दुसरे एक चित्र नेपोलियनसाठी पॅरिसला पाठवले गेले. रशियाकडे गेलेली चित्रे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात दिसतात. इंग्रज, फ्रेंच आणि रशियन अशा तिन्ही सत्तांशी एकाच वेळी बोलणी करणाऱ्या दरबाराला, जिथे शाह स्वतः जाणार नव्हता तिथे त्याची प्रतिमा पाठवणे आवश्यक वाटले. या वकिलातींच्या आवागमनात मुंबईचाही वाटा आहे. १८०० मध्ये जॉन माल्कम हिंदुस्थानातून कंपनीचा वकील म्हणून तेहरानच्या दरबारात गेला. हाच माल्कम पुढे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या उत्तरादाखल शाहने पाठवलेला वकील हाजी खलील खान १८०२ मध्ये मुंबईत, आपले सेवक आणि पहाऱ्याचे शिपाई यांच्यात झालेल्या चकमकीत गोळी लागून मरण पावला. हे प्रकरण निस्तरताना कंपनीची मोठीच तारांबळ उडाली.

या राजनीतीचे सर्वांत स्पष्ट रूप तेहरानच्या निगारिस्तान प्रासादातील भित्तिचित्रात होते. अब्दुल्ला खानाने १८१२–१३ मध्ये तीन भिंतींवर एकशे अठरा पूर्णाकृती व्यक्ती रंगवल्या. मधोमध सिंहासनस्थ शाह, भोवती राजपुत्र, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर रांगेने उभे सरदार आणि त्यांच्यामध्ये परदेशी वकील. त्यांत इंग्रज आहेत, फ्रेंचही आहेत. प्रत्यक्षात ही मंडळी वेगवेगळ्या वर्षी, परस्परांना शह देण्यासाठी आली होती. अशी एकत्र सलामी कधी झाली नाही. चित्रकाराने त्यांना एकाच क्षणी, एकाच रांगेत उभे केले आणि इतिहासाला जे साधले नाही ते भिंतीवर साधले. चित्र पूर्ण होत असतानाच गुलिस्तानच्या तहावर सह्या होत होत्या. निगारिस्तानची ती भिंत आज अस्तित्वात नाही. लहान आकारात केलेल्या नकलांवरून तिची कल्पना येते.

नासिरुद्दीन शाह (१८४८–१८९६) याच्या कारकिर्दीत हे सारे बदलले. त्याचा पहिला वजीर अमीर कबीर याने तेहरानमध्ये ‘दारुल्फुनून’ ही विद्यापीठसदृश संस्था उभारली. १८५१ च्या अखेरीस ती सुरू झाली. अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १८५२ मध्ये, काशानजवळच्या फीन येथील हमामात शाहच्याच हुकमाने अमीर कबीरचा वध झाला. संस्था मात्र टिकली. लष्करी शास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी शिकवण्यासाठी ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स या देशांतून अध्यापक आले. चित्रकला आणि पुढे छायाचित्रण हे विषयही तेथे शिकवले गेले. हिंदुस्थानातील स्थितीशी याची तुलना उद्बोधक ठरते. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेले जे. जे. कलाविद्यालय एका पारशी दात्याच्या देणगीतून उभे राहिले तरी त्याचा अभ्यासक्रम परकीय सत्तेच्या छत्राखाली ठरत होता. इराण दुबळा होता, पण पारतंत्र्यात नव्हता. तिथे युरोपीय चित्रविद्या बोलावली ती दरबाराने, आणि ती शिकवणारे पहिले महत्त्वाचे हातही इराणीच होते.

हे हात म्हणजे काशानच्या गफ्फारी कुटुंबातील अबुल हसन, म्हणजेच ‘सनीउल्मुल्क’. मिहर अलीचा हा शिष्य १८४६ च्या सुमारास इटलीला गेला आणि तेथील संग्रहांतील राफाएलच्या चित्रांच्या त्याने नकला केल्या. १८५० च्या सुमारास परतल्यावर ‘सहस्ररजनी’च्या फारसी अनुवादाचे सचित्र हस्तलिखित तयार करण्याचे प्रचंड काम त्याच्यावर सोपवले गेले. सहा खंडांचे, हजाराहून अधिक चित्रित पृष्ठांचे हे हस्तलिखित अनेक चित्रकारांच्या साहाय्याने काही वर्षांत सिद्ध झाले. ते तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातील ग्रंथालयात आहे. त्यातील बगदाद वस्तुतः तेहरान आहे. हारुन अल्-रशीदच्या काळातील माणसे काजार टोप्या घालून, काजार दिवाणखान्यांत बसून बोलतात. इटलीत शिकलेली निरीक्षणाची सवय सनीउल्मुल्कने परक्या विषयांवर खर्च न करता आपल्या भोवतालच्या जगावर रोखली. त्याच्या जलरंगातील व्यक्तिचित्रांत सुटलेली पोटे, थकलेले डोळे, चेहऱ्यावरची धूर्तता किंवा भाबडेपणा हे सारे दिसते. निझामिया प्रासादासाठी त्याने नासिरुद्दीन शाहच्या दरबाराचे चित्र रंगवले, तेव्हा योजना निगारिस्तानच्या चित्राचीच होती. परंतु रांगेतले सरदार आता एकाच साच्यातून काढलेले नव्हते. प्रत्येकाला स्वतःचा चेहरा मिळाला होता.

सनीउल्मुल्कचे दुसरे कार्य कमी डोळ्यांत भरणारे, पण अधिक दूरगामी होते. १८६० च्या सुमारास त्याच्याकडे सरकारी सचित्र वृत्तपत्राची जबाबदारी आली. शिळाछाप पद्धतीने छापलेल्या या पत्रात दरबारी मंडळींची आणि प्रसंगांची चित्रे येत. १८६२ मध्ये त्याने एक चित्रशाळाही उघडली. १८४० च्या दशकापासून इराणमध्ये सचित्र शिळाछाप पुस्तके निघू लागली होती. आता राजाचा आणि सरदारांचा चेहरा राजवाड्याच्या भिंतीवरून उतरून कागदावर आला. पुढे १८८२ मध्ये सुरू झालेल्या ‘शरफ’ या नियतकालिकात अबू तुराब गफ्फारी याने छायाचित्रांवरून काढलेली व्यक्तिचित्रे छापली जात. छायाचित्रावरून रेखाटन, रेखाटनावरून शिळा आणि शिळेवरून शेकडो प्रती असा प्रतिमेचा नवा प्रवास सुरू झाला.

छायाचित्रणाची कला इराणमध्ये आश्चर्यकारक वेगाने पोचली. दागेरचा शोध पॅरिसमध्ये १८३९ मध्ये जाहीर झाला. १८४० च्या दशकाच्या पूर्वार्धातच युरोपीय दरबारांनी भेट दिलेली उपकरणे तेहरानमध्ये होती, आणि डिसेंबर १८४४ मध्ये झ्यूल रिशार या फ्रेंच गृहस्थाने युवराज नासिरुद्दीनचे चित्र चांदीच्या पत्र्यावर घेतले. फतह अली शाहचा एक पुत्र मलिक कासिम मिर्झा हा पहिल्या इराणी छायाचित्रकारांपैकी एक होय. लुइजी पेशे या नेपल्सच्या लष्करी अधिकाऱ्याने १८५० च्या दशकाच्या अखेरीस पर्सेपोलिसच्या अवशेषांची छायाचित्रे घेऊन शाहला अर्पण केली. शाहने स्वतः हे तंत्र आत्मसात केले, राजवाड्यात छायाचित्रशाळा उभारली आणि १८६३ मध्ये आका रझा या तरुण सेवकाला ‘अक्कासबाशी’ हा किताब दिला. फारसीत ‘अक्स’ म्हणजे प्रतिबिंब. छायाचित्रालाही हाच शब्द रूढ झाला. ‘तसबीर’ घडवावी लागते, ‘अक्स’ पडतो. शब्दांमधील हा भेद पुढील साऱ्या घडामोडींचा सारांश आहे.

गुलिस्तान राजवाड्याच्या अल्बमखान्यात आजही हजाराच्या आसपास अल्बम आणि चाळीस हजारांच्या घरात छायाचित्रे आहेत. अनेक छायाचित्रांखाली नासिरुद्दीन शाहच्या हातच्या नोंदी आहेत : कोण, कुठे, केव्हा. शिकार, प्रवास, प्रांतोप्रांतीचे अधिकारी, कैदी, सेवक आणि राजवाड्यातील मांजरी असा त्यांचा विस्तार आहे. सर्वांत अनपेक्षित भाग जनानखान्याचा. जिथे परपुरुषाची नजर पोचू शकत नव्हती तिथे शाहने स्वतः कॅमेरा नेला आणि अनीसुद्दौला व इतर बेगमांची छायाचित्रे घेतली. जयपूरचा सवाई रामसिंह दुसरा (मृत्यू १८८०) याच सुमारास आपल्या जनान्यातील स्त्रियांची छायाचित्रे घेत होता, हे साम्य विलक्षण आहे. या छायाचित्रांतील स्त्रिया फतह अली शाहच्या काळातील नर्तकींच्या चित्रांप्रमाणे आदर्श सौंदर्याचे नमुने नाहीत. त्या स्थूल आहेत, कंटाळलेल्या आहेत, कधी रोखून पाहणाऱ्या आहेत. शाहला त्या आपल्या मालकीच्या वाटल्या असतील. पण भिंगाने त्यांना त्यांचे स्वतःचे अस्तित्व दिले. युरोपीय चित्रकारांनी न पाहता रंगवलेला ‘पौर्वात्य जनाना’ या छायाचित्रांपुढे निव्वळ कल्पनाविलास ठरतो.

वास्तुकलेतही हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने येतो. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातील ‘शम्सुल् इमारत’ ही पाच मजली, दोन मनोऱ्यांची इमारत १८६५ ते १८६७ या काळात उभी राहिली. तिच्या उंचीमागे युरोपीय इमारतींचा आदर्श होता असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. मात्र शाह युरोपला प्रथम गेला तो १८७३ मध्ये. त्यानंतर १८७८ आणि १८८९ मध्ये. म्हणजे इमारत बांधली गेली तेव्हा युरोप त्याने पाहिला होता तो केवळ छापील चित्रांतून व छायाचित्रांतून. ‘तकिया दौलत’ या भव्य गोलाकार नाट्यगृहाविषयी ते लंडनच्या आल्बर्ट हॉलची नक्कल असल्याचे वारंवार लिहिले गेले आहे. तकियाचे बांधकाम १८६० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले गेले. आल्बर्ट हॉलचे उद्घाटन १८७१ मध्ये झाले आणि शाह लंडनला पोचला तो आणखी दोन वर्षांनी. कालक्रमच या समजुतीच्या आड येतो. तकिया ही मुहर्रमच्या ताझियाची, करबलाच्या शोकनाट्याची जागा होती. मध्यभागी उघडा चौथरा, भोवती प्रेक्षकांचे मजले आणि वर कापडी छत ही तिची रचना इराणी शोकविधीतूनच वाढली होती. युरोपीय पाहुण्यांना तिथे स्वतःच्या वास्तूंची आठवण झाली : १८८३ ते १८८५ या काळात तेहरानमध्ये असलेला अमेरिकन वकील बेंजामिन याला व्हेरोनाचे रंगमंडल आठवले. आठवण पाहणाऱ्याची असते. तिच्यावरून बांधणाऱ्याचा हेतू सिद्ध होत नाही. १९४० च्या दशकात ही वास्तू पाडली गेली, आणि आज तिचे रूप कळते ते कमालुल्मुल्कच्या तैलचित्रावरून आणि छायाचित्रांवरून.

शहररचनेत मात्र युरोपीय नमुना उघडपणे स्वीकारला गेला. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेहरानचा जुना सफावी तट पाडून बोहलर या फ्रेंच अभियंत्याच्या आराखड्यानुसार अष्टकोनी तट आणि बारा वेशी उभारल्या गेल्या. पॅरिसच्या तटबंदीची ती आठवण तोफखान्याच्या युगात फारशी उपयोगाची नव्हती. परंतु वेशींवरच्या रंगीत फरशांनी रुस्तुम आणि पांढरा देव यांचे द्वंद्व दाखवले, आणि परकी कल्पना घरची झाली. या काळातील झिलईच्या फरशांवर गुलाबी व पिवळ्या रंगांचा वापर वाढला. युरोपीय छापील चित्रांतील सरोवरे, पूल, बंगले त्यांवर अवतरले. याच वेळी युरोप उलट दिशेने पाहत होता. तेहरानमधील तारखात्याचा प्रमुख रॉबर्ट मर्डॉक स्मिथ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठी जुन्या इराणी वस्तू विकत घेत होता, आणि अली मुहम्मद इस्फहानी हा कारागीर त्याच्यासाठी नव्या फरशा घडवत होता. इराणी राजवाडा युरोपची दृश्ये भिंतीवर लावीत असताना लंडनचे संग्रहालय इराणच्या भिंती गोळा करीत होते.

प्राचीन इराणचा नवा शोध हा या परस्परदर्शनाचाच एक परिणाम. शिराझमधील नारिंजिस्तान या कवाम घराण्याच्या हवेलीत (१८७९–१८८६) जोत्याच्या दगडावर पर्सेपोलिसच्या धर्तीचे सैनिक कोरलेले आहेत आणि वर लाकडी छतावर युरोपीय स्त्रिया व परदेशी भूदृश्ये रंगवलेली आहेत. एकाच घराच्या जोत्याशी दारियसचा काळ आणि छताशी परका वर्तमान. शिराझचाच कवी व चित्रकार फुर्सत शिराझी याने फारस प्रांतातील प्राचीन अवशेष हिंडून पाहिले, मोजले आणि रेखाटले. या कामामागे मानेकजी लिमजी हातारिया यांची प्रेरणा होती. इराणमधील जरथोस्ती बांधवांची स्थिती सुधारण्यासाठी मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ मध्ये पाठवलेले हे प्रतिनिधी १८९० मध्ये तेहरानमध्ये निवर्तले. फुर्सतचा ‘आसार-ए-अजम’ हा ग्रंथ १८९६ मध्ये शिळाछापावर छापून निघाला तो मुंबईत. इराणच्या प्राचीन वास्तूंचे इराणी हाताने केलेले एक महत्त्वाचे चित्रदर्शन असे मुंबईच्या छापखान्यातून बाहेर पडले. पर्सेपोलिसचे वृषभशीर्ष स्तंभ मुंबईच्या अग्यारींच्या दर्शनी भागांवर दिसतात, त्यामागेही प्राचीन इराणविषयीचा हाच नवा ओढा होता.

चित्रकलेत या सर्व प्रवाहांचा संगम दोन व्यक्तींमध्ये दिसतो. राजकवी महमूद खान सबा (मृत्यू १८९३) याने राजवाड्याची व परिसराची दृश्ये रेखीव, शांत दृष्टीने रंगवली; दिव्याच्या उजेडात लेखन करणाऱ्या माणसांच्या त्याच्या चित्रात भिंतीवरच्या मोठ्या सावल्याच मुख्य विषय बनतात. सनीउल्मुल्कचा पुतण्या मुहम्मद गफ्फारी, ‘कमालुल्मुल्क’, याने दारुल्फुनूनमध्ये शिक्षण घेतले आणि १८९० च्या दशकात ‘आरसेमहाल’ हे आपले सुप्रसिद्ध चित्र सुमारे पाच वर्षे खपून पूर्ण केले. झुंबरे, पडदे, गालिचा आणि असंख्य आरशांच्या तुकड्यांतून फुटलेली प्रतिबिंबे यांच्या अचूक यथादर्शनात नासिरुद्दीन शाह खुर्चीवर एकटाच, लहानसा बसलेला आहे. फतह अली शाहच्या चित्रांत राजा संपूर्ण पृष्ठ व्यापत असे आणि दालन त्याच्यासाठी असे. इथे दालनाला स्वतःचे नियम आहेत, आणि राजाही त्या नियमांनी बांधलेला आहे. जवळचे मोठे, दूरचे लहान, हा यथादर्शनाचा साधा कायदा कोणाचाही दर्जा पाहत नाही. कमालुल्मुल्कने पुढे युरोपात काही वर्षे राहून रेम्ब्रांट व टिशियन यांच्या चित्रांच्या नकला केल्या, बगदादमध्ये तेथील सामान्य माणसे रंगवली आणि १९११ मध्ये तेहरानमध्ये कलाविद्यालय काढले. त्याच्या अकादमीय वास्तववादाने पुढील पिढीवर जे वर्चस्व गाजवले त्यात जुन्या लघुचित्रपरंपरेची उपेक्षा झाली, हा आक्षेपही योग्य आहे. नव्या दृष्टीची किंमत मोजावी लागली, ती अशी.

राजाच्या प्रतिमेचे पूर्ण रूपांतर मात्र आंतोन सेव्रुगीन याच्या छायाचित्रांत झाले. रशियन वकिलातीतील अधिकाऱ्याचा, आर्मेनियन-जॉर्जियन वंशाचा हा पुत्र तेहरानमध्ये जन्मला आणि तेथेच व्यावसायिक छायाचित्रशाळा चालवून १९३३ मध्ये निधन पावला. त्याच्या एका छायाचित्रात न्हावी नासिरुद्दीन शाहच्या मिशांना कलप लावीत आहे. फतह अली शाहच्या दाढीला कधी कलपाची गरज पडली नव्हती, कारण ती चित्रकाराच्या कुंचल्यातच काळी होती. सेव्रुगीनने शाहप्रमाणेच हमाल, दरवेश, विणकर, भटक्या जमाती आणि पाठशाळेतील मुलेही टिपली. १९०८ मध्ये मुहम्मद अली शाहच्या फौजांनी संसदेवर तोफा डागल्या त्या धामधुमीत त्याच्या शाळेचा विध्वंस झाला. सुमारे सात हजार काचेच्या निगेटिव्हांपैकी दोन हजारांच्या आसपासच वाचल्या. इस्फहानमध्ये तारखात्यात नोकरी करणाऱ्या एर्न्स्ट होल्ट्झर या जर्मन गृहस्थानेही काचेच्या निगेटिव्हांवर त्या शहराची नोंद करून ठेवली. त्याच काळात सुभेदार झिल्लुस्सुलतान याच्या अमदानीत कित्येक सफावी प्रासाद जमीनदोस्त झाले. सफावी वैभवाचा नाश केला तो इराणी राजपुत्राने, आणि त्याचा पुरावा राखला तो परक्या यंत्राने. ‘युरोपीय प्रभावाने इराणी कला बिघडवली’ असे सरसकट म्हणणाऱ्यांना या उदाहरणाचा विचार करावा लागतो.

१ मे १८९६ रोजी शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात मिर्झा रझा किरमानी याने नासिरुद्दीन शाहची हत्या केली. फाशीपूर्वी साखळदंडांत जखडलेल्या मिर्झा रझाची छायाचित्रे घेतली गेली. अपराध्याची नोंद ठेवावी हा सत्तेचा हेतू. परंतु त्या छायाचित्रांतून एक सामान्य प्रजाजन राजाच्या इतक्याच स्पष्टपणे आणि तितक्याच निश्चलपणे पाहणाऱ्याकडे पाहतो. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०६ च्या उन्हाळ्यात, राज्यघटनेच्या मागणीसाठी तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीच्या बागेत बारा-चौदा हजार माणसांनी आश्रय घेतला. त्यांचे तंबू, स्वयंपाकाच्या भल्यामोठ्या कढया, गटागटाने बसलेले व्यापारी, विद्यार्थी आणि कारागीर यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. निगारिस्तानच्या भिंतीवर एकशे अठरा माणसे राजाकडे तोंड करून उभी होती. बागेतल्या छायाचित्रांत राजा नाही. ५ ऑगस्ट १९०६ रोजी मुझफ्फरुद्दीन शाहला घटनात्मक राज्याचा हुकूम काढावा लागला. १९०० मध्ये युरोपच्या दौऱ्यात चलत्चित्राचे यंत्र विकत घेऊन ते इराणला आणणारा शाह हाच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कलेचे पुनर्मूल्यमापन सुरू झाले. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात काजार चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. २०१३ मध्ये गुलिस्तान राजवाड्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. ऱ्हासाचा जुना शिक्का त्यामुळे बराच पुसला गेला आहे. पण त्याच्या जागी केवळ कौतुक आणणे पुरेसे नाही. काजार राजांनी युरोपकडून रंग, कॅनव्हास, भिंग आणि आराखडे घेतले ते आपले राजत्व अधिक ठळक व्हावे म्हणून. ही साधने आज्ञाधारक नव्हती. सलामीच्या रांगेतील माणसांना त्यांनी चेहरे दिले, दालनाला राजापेक्षा मोठे केले, जनान्यातील स्त्रीला नजर दिली आणि अखेरीस प्रजेला प्रजेपुढे उभे केले. राजाने आपली तसबीर काढवून घेण्यासाठी दरबारात आरसा आणला. त्या आरशात हळूहळू सारा देश दिसू लागला.